डोक्यावर बादली

‘स्कायरिम’ या २०११ साली आलेल्या गेममधली सर्वांत गाजलेली चोरी मोठी सोपी आहे. दुकानात शिरायचं, तिथलीच एखादी बादली उचलायची आणि गल्ल्यामागे उभ्या असलेल्या दुकानदाराच्या डोक्यावर पालथी घालायची. तो हूं की चूं करत नाही. मग त्याच्यासमोर उभं राहून दुकान धुऊन न्यायचं. गबाळं काम म्हणून यावर हसून मोकळं होता येतं. पण यात नेमका चुकीचा नियम कोणता, हे शोधायला बसलं की पंचाईत होते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांपासून चोरापर्यंतची वाट मोकळी असेल तरच चोरी पकडली जावी, हा नियम शहाणा आहे. मध्ये घन वस्तू आली तर पलीकडचं दिसू नये, हाही शहाणा. जगातली जवळपास कुठलीही वस्तू खेळाडूला उचलून हवी तिथे ठेवता यावी, हे तर या गेमचं वैभव. फक्त डोक्यावर बादली आल्यावर माणसाने काय करावं, हे कुणी लिहिलेलं नाही, आणि असं सगळंच कुणी लिहू म्हटलं तर गेम कधी बाजारात येणारच नाही. कल्पित राज्यांत हिंडवणाऱ्या या गेममधली कथेची भोकं बहुतेक अशीच पडतात. जिथे भोक दिसतं तिथे जरा उकरून पाहावं. खाली खेळाडूला दिलेला एखादा हक्क सापडतो.

सर्वांत मोठा हक्क वेळेचा. ‘स्कायरिम’मध्ये आल्डुइन नावाचा जग गिळणारा ड्रॅगन परत आलेला असतो आणि त्याला रोखू शकणारी व्यक्ती म्हणजे खेळाडू. प्रलय उंबरठ्यावर आला आहे असं जो तो सांगतो. खेळाडू मात्र फुलपाखरं पकडतो, लग्न करतो, घरासाठी भांडी जमवतो. या गेममध्ये आपला एक तास तिथल्या वीस तासांएवढा असतो. म्हणजे कुणी शंभर तास रमतगमत खेळला तर तिथे ८३ दिवस उलटतात, आणि झोपेत घालवलेले दिवस वेगळेच. तेवढे दिवस प्रलय दारात चपला काढून बसून राहतो. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये तर संकट थेट नायकाच्या कवटीत आहे: मेंदूत एक अळी शिरली आहे आणि ती लवकरच त्याला राक्षस बनवणार आहे. तरीही शिधा असेल तितक्या रात्री मुक्काम ठोकून झोपा काढता येतात. अळीही बहुधा सोबत झोपत असावी.

यावर सरळ सुचणारा उपाय म्हणजे मुदत घालणं. तो करून झालेला आहे. १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये, म्हणजे अणुयुद्धानंतरच्या ओसाड जगात घडणाऱ्या गेममध्ये, तळघरातल्या वस्तीचं पाणी शुद्ध करणारी चिप शोधून आणायला १५० दिवस दिले होते. दिवस संपले की वस्ती तहानेने मेली, खेळ खलास. कथेच्या दृष्टीने चोख काम. त्यापुढची दुसरी मुदत, शत्रू वस्तीवर चालून येण्याची, मात्र निर्मात्यांनीच पॅच काढून इतकी लांबवली की ती असून नसल्यासारखी झाली. कारण उघड आहे. अनोळखी रस्ता दिसला की तिकडे वळावं, हीच या खेळाची गोडी, आणि घड्याळ टिकटिकायला लागलं की प्रत्येक वळण महाग होतं. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे वेगळं सांगायला नको. निरोप घेऊन निघालेला नायक वन्समोर आला की परत फिरायचा, तेच पद पुन्हा आळवायचा आणि रणांगण विंगेत ताटकळत राहायचं. कथानक खोळंबलं म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. फरक इतकाच की तिथे वन्समोर मागायला निदान सभागृहाचा सूर लागायचा; इथे एकटा खेळाडू मागतो आणि त्याला तो हवा तितका मिळतो.

दुसरा हक्क हरत न राहण्याचा. जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने १९८६ साली याची एक तऱ्हा रूढ केली. राजवाड्याबाहेर पाऊल टाकलं की समोर पाण्यापलीकडे दुष्टाचा किल्ला दिसतो. इतका शेजारी असूनही तो आपले बलाढ्य राक्षस दूरच्या मुलखात ठेवतो आणि नवख्या नायकाच्या वाटेवर लिबलिबीत स्लाइम सोडतो. शत्रूची ही मेहेरबानी खटकते म्हणून ‘ऑब्लिव्हियन’ने (२००६) उलटं करून पाहिलं: खेळाडू जसा बलवान होईल तसं जगही व्हावं. त्यामुळे खेळ कुठेही सोपा पडला नाही. पण शेवटीशेवटी रस्त्यावरचे वाटमारे हजारो नाण्यांची मौल्यवान चिलखतं घालून आडवे येऊ लागले आणि ऐटीत मागू लागले काय, तर शंभर नाणी. ते चिलखत विकलं असतं तर त्यांना हा धंदाच करावा लागला नसता. एक भोक बुजवायला गेलं की शेजारी दुसरं पडतं ते असं. मला विचाराल तर स्लाइमवाली तऱ्हा बरी, कारण तिथे निदान शत्रू खानदानी वाटतो.

कुणी म्हणेल, ही सगळी वकिली झाली. आळशी लेखकाला मोकळिकीच्या नावाखाली सोडून देण्याची युक्ती. हा आक्षेप पूर्णपणे खोटा नाही. जादू फारशी न करताही ‘स्कायरिम’मधल्या जादूच्या महाविद्यालयाचं प्रमुखपद मिळतं, आणि ते मिळवून, ड्रॅगन मारून आलेल्या वीराला नाक्यावरचा शिपाई ‘तुझी गोड पोळी कुणी पळवली का’ छापाचे टोमणे मारतो. दहा जास्तीच्या वाक्यांनी हे निस्तरलं असतं. इथे कुठलाही हक्क जपलेला नाही, निव्वळ हात आखडला आहे. पण ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) चं उदाहरण घ्या. तिथे लढाईत पडलेल्या सोबत्याला फिनिक्सचं पीस वापरून उठवता येतं. खेळाडूने ते कितीदा तरी केलेलं असतं. मग खलनायक सेफिरॉथ याच सोबत्यांपैकी एरिथला तलवारीने मारतो आणि झोळीत पिसं असूनही एकाच्याही मनात येत नाही की एक वापरून पाहावं. लढाईत पडणं म्हणजे मरणं नव्हे, असा बचाव केला जातो आणि तो तर्काला धरून आहे. तरी हे भोक गेली जवळजवळ तीस वर्षं सलतं आहे, कारण इथे रोजचा हक्क ऐन वेळी काढून घेतला. हक्कापायी कथा वाकली की आपण हसतो. कथेपायी हक्क गेला की तक्रार करतो, आणि रडतोही.

भोक बुजवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न मात्र ‘स्कायरिम’च्याच पूर्वजाने केला. ‘डॅगरफॉल’च्या (१९९६) अखेरीस न्युमिडियम नावाचं एक अजस्र यंत्र कुणाच्या ताब्यात द्यायचं, हे खेळाडू ठरवतो. दावेदार अनेक: शेजारशेजारचे राजे, साम्राज्य, ऑर्कांचा पुढारी, देव व्हायला निघालेला एक मृत मांत्रिक. प्रत्येकाला दिलं की शेवट वेगळा. मग मालिकेच्या पुढच्या भागात इतिहास म्हणून कोणता शेवट धरायचा? एक निवडला तर बाकीच्या खेळाडूंची मेहनत खोटी ठरते. लेखकांनी सगळेच शेवट खरे ठरवले. पुढच्या गेममधल्या ग्रंथांत लिहिलेलं सापडतं की त्या काळात, ‘डॅगरफॉल’ ज्या उपसागराच्या काठी घडतो तिथे, काळच दुभंगला आणि परस्परविरोधी घटना एकदम घडल्या; राजे जिंकले, ऑर्कांना राज्य मिळालं, मांत्रिक देवही झाला. तिथले पंडित यावर अजून वाद घालतात. प्रत्येक खेळाडूचा असा मान राखणारी दुसरी युक्ती माझ्या पाहण्यात नाही. फक्त ज्याने पुष्कळ विचार करून मांत्रिकाला ते यंत्र मुद्दाम दिलं नव्हतं, त्याच्याही जगात मांत्रिक देव होऊन बसलाच.