मौना केआ : दुर्बीण कुणाची, डोंगर कुणाचा?

२०१९ साली हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वतावर तीस मीटर दुर्बिणीचं बांधकाम तिथल्या मूलनिवासींनी रस्त्यात बसून अडवलं. म्हाताऱ्यांना पोलिसांनी उचलून नेलं. तेव्हा आम्ही अभ्यासवर्गात एका वाक्यात निकाल दिला, "अंधश्रद्धा, दुसरं काय!" पोरांनी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या आज टोचतात.

विज्ञानावरचं आमचं प्रेम खोटं नव्हतं. आकाशगंगेचं केंद्र साध्या प्रकाशात दिसतच नाही, मधे धूळ आहे. अवरक्त किरण मात्र त्या धुळीतून बरेचसे पार होतात, म्हणून अवरक्त कॅमेरा. मग अडचण उरते आपल्या हवेची. ती सतत हलते आणि ताऱ्याचा ठिपका विस्कटतो. त्याच डोंगरावरच्या केक वेधशाळेत लेझरने सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात एक खोटा तारा पेटवतात. तो किती थरथरतो ते मोजतात आणि एक लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवून ती थरथर घालवतात. याला अनुकूली प्रकाशिकी म्हणतात. नाव बोजड, काम चष्म्याचं. फक्त या चष्म्याचा नंबर क्षणाक्षणाला बदलतो. याच्याच जोरावर अँड्रिया गेझ यांनी ताऱ्यांच्या कक्षा मोजल्या. केंद्रात सूर्याच्या चाळीस लाख पट वस्तुमान दडलंय, हे त्यातून दिसलं. २०२० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. नव्या दुर्बिणीतही हीच यंत्रणा बसायची आहे.

पाड्यावरून वर्गाला येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "दादा, पण जमीन कुणाची होती?"

उत्तर नव्हतं. मग वाचलं. १८९३ मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी अमेरिकी नौसैनिकांच्या धाकात हवाईच्या राणीला पदच्युत केलं. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेत गेली, राज्याच्या जमिनीही गेल्या. त्यातलंच हे शिखर १९६८ मध्ये विद्यापीठाला ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं. समाजशास्त्रात एम.ए. करून हा प्रश्न आम्हाला सुचू नये! धरणग्रस्तांच्या मोर्चात 'विकास कुणाचा' म्हणून घसा फोडणारे आम्हीच.

डोंगर पवित्र आहे, हे आम्ही आजही मानत नाही. पण जमिनीच्या मालकाची संमती मागायला त्याची श्रद्धा पटावी लागत नाही. आणि हे दूरचं प्रकरणही नाही. भारत या प्रकल्पात भागीदार आहे, पुण्याची आयुका त्यात आहे. म्हणजे आपल्या कराचा पैसा त्यात आहे.

पुढच्या रविवारी वर्ग आहे. सुरुवात तीच मुलगी करणार आहे.