बिनघोर

अब्बांचे डायलिसिस पनवेलला, आठवड्यातून दोनदा. पळसदरीहून गाड्या बदलत जायचे, आणि परतताना त्यांना उभेही राहवत नाही. म्हणून आम्ही दोघांनी सात वर्षे वापरलेली वॅगनआर घेतली. व्यवहार ठरल्यावर विक्रेता म्हणाला, "सर, आणखी नऊ हजार भरा. वर्षभर बिनघोर!"

त्या 'बिनघोर' शब्दानेच आम्हाला धरले.

वॉरंटीचा कागद घरी आणला. बारीक अक्षरांतले इंग्रजी. वर्गात मुलांकडून एकेक लफ्ज उलगडून घेणारे आम्ही, सही मात्र न वाचताच करणार होतो. रात्री वाचला. इंजिन, गिअरबॉक्स आत. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बॅटरी, टायर बाहेर. जुन्या गाडीत जे आधी झिजते, नेमके तेच वगळलेले. शिवाय सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच. एक चुकले की हमी गेली.

अम्मीचा सवाल निराळा. "बेटा, ये जायज है क्या?" किमतीतच आलेली हमी वेगळी, पण बिघाड होईल की नाही हे ठाऊक नसताना वेगळे पैसे मोजून घेतलेली हमी विम्यासारखीच, तिच्यात 'गरर', म्हणजे सौद्यातली अनिश्चितता आहे, असे अनेक उलमा मानतात. चौकजवळ गाडी बंद पडली तर फतवा ढकलायला येणार नाही, असे वाटून गेले. पण कागद तरी कुठे येणार होता?

नऊ हजार अम्मीच्या शेवयांच्या डब्यात ठेवले. जुलैत बॅटरी बसली, त्यातले साडेचार हजार गेले. उरलेल्यात गिअरबॉक्स येत नाही, हे आम्हाला कळते. डायलिसिसच्या दिवशी चावी फिरवताना बिस्मिल्लाह जरा मोठ्यानेच म्हटली जाते.