वाकल्या पायांचा गोऱ्हा

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे पाणी पाषाणाच्या गोमुखातून पडते, आणि त्या धारेखाली ओंजळ धरणारा यात्रेकरू गाईला माता म्हणतच घाट उतरतो. परंतु ज्या पठारावर सालीना 200 इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, त्याच पठारावरील एखाद्या गोठ्यात ऐन पावसात वाकल्या पायांचा गोऱ्हा जन्मला, तर त्याची तजवीज काय करावी, हे त्या श्रद्धेला सुचत नाही. खांद्यावर जादा पाय घेऊन आलेल्या वासरावर झूल चढते, लोक त्याला हळदकुंकू वाहतात आणि त्याला यात्रेयात्रेतून मिरवितात. उणीव घेऊन आलेल्याला मात्र दावणीचा कोपरा, आणि तो नर असेल तर तोही किती दिवस, याची शाश्वती नाही. हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

शेजारच्या गोठ्यात असाच एक गोऱ्हा आषाढात जन्मला. पुढच्या दोन्ही पायांच्या शिरा आखडून खूर मागे दुमडलेले. उठू जाई आणि तोंडावर पडे. गाय त्याला चाटून हुंकारत होती, कास तटतटली होती, आणि घरातील कर्ती माणसे पायांकडेच पाहत हवालदिल झाली होती. तेव्हा घरची म्हातारी म्हणाली, "गुरुजी, आदी चीक काढून पाजू, पाय मागनं बगू." शास्त्राचा निर्वाळाही हाच आहे. गाईच्या गर्भाशयातून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती तासातासाने क्षीण होत दिवसभरात संपते. उभे राहणारे वासरू सड आपणच शोधते. लुळे वासरू भरल्या कासेपासून हातभर अंतरावर उपाशी मरते, आणि लोक म्हणतात, ते जगणारच नव्हते. खरवसाची वाटी शेजारी धाडण्यापूर्वी या प्राण्याचा हक्क चुकता झाला पाहिजे.

पायांचे काम त्यामानाने सोपे, पण चिकाटीचे. गर्भात अंग अवघडून राहिल्याने वा वंशदोषाने आखडलेल्या शिरा पुष्कळदा सैल होतात. कापसाची जाड गादी देऊन बांबूच्या कांब्या बांधावयाच्या, रक्त अडेल इतक्या घट्ट नव्हेत, आणि वरचेवर सोडून जखम, सूज पाहावयाची. पण जिथे भिंतीला गवताच्या ताट्या लावूनही घोंगडी वाळत नाही, तिथे कोरडी चिंधी मिळविणे हेच मोठे कष्ट! चुलीवर चिंध्या शेकणाऱ्या सुनेचे श्रम कोणत्याही दप्तरी नोंदले जात नाहीत. मला मात्र गोसेवा म्हणून तेवढेच दिसते.

प्रत्येक व्यंगाला असा इलाज नसतो. टाळू फाटलेल्या वासराच्या नाकातून पाजलेले दूध परत येते, ते फुप्फुसातही उतरते. तेथे शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी शरण जावे, आणि जाणत्याने वेदनांचा अंत करणेच उचित ठरविले तर त्यालाही मी निर्दयता म्हणणार नाही. उपाशी ठेवून वाट पाहणे मात्र निर्दयताच.

शेजारचा गोऱ्हा बेंदराला कांब्यांसकट उभा राहिला. श्रावणात कांब्या सुटल्या. डावा पाय अजून ओढतो, म्हणून औताच्या कामाचा तो नाही, आणि दोष वंशात उतरू नये म्हणून वळू म्हणून ठेवण्याच्याही कामाचा नाही. धाकट्या मुलाने विचारले, मग वैरण कशापायी घालायची? म्हातारीने सुपातले आंबोण त्याच्याच हाती दिले आणि गव्हाणीकडे बोट दाखविले.