खारीचे पापुद्रे

चहात बुडवून खारी खाणारे घरोघरी आहेत. पण तिला पापुद्रे येतात कुठून, हे विचारणारे थोडेच. मला ते कळले आमच्या मिस्टरांमुळे. २१ वर्षे त्यांनी मुंबईतल्या एका बेकरीत खारीचा आणि पॅटिसचा मैदा लाटला. बेकरी बंद पडली आणि ते घरी बसले. "मला दुसरं येतं काय?" एवढेच पालुपद. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे त्यांनी 'मजूर' लिहिले, ते मला फार खटकले. भगिनींनो, ज्याच्या हाताला असे काम येते तो कारीगर नव्हे काय?

पुढे मुलीने भाजीचे उघडे पॅटिस करायचे मनावर घेतले. त्याला टार्ट म्हणतात म्हणे. तळ खारीचाच, म्हणून तिने बाबांनाच कामाला लावले.

पाव किलो मैदा, अर्धा चमचा मीठ आणि लागेल तसे गार पाणी. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचा. मग तो लाटून त्यात दोनशे ग्रॅम बिनमिठाचे घट्ट बटर गुंडाळायचे, लांबट लाटायचे आणि पत्राच्या कागदासारखी तिपदरी घडी घालायची. अशा चार घड्या झाल्या की बटरचे ८१ थर होतात, सहा घातल्या तर ७२९! हे गणित मुलीने वहीत मांडले, तेव्हा आयुष्यभर घड्या घालणारे मिस्टरच चकित झाले. ओव्हनच्या आचेने मैद्यातल्या पाण्याची वाफ होते, बटर थरांना एकमेकांस चिकटू देत नाही, म्हणून ते फुगून सुटे होतात. लाटतानाच बटर वितळून मैद्यात मुरले तर पापुद्रे विसरा. म्हणून दर दोन घड्यांनंतर पुन्हा अर्धा तास गारवा. बेकरीत उकाड्यात टिकणारे मार्गारीन वापरतात. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तरी आम्ही घरी बटरच घेतो. महाग पडते खरे.

वर कांदा, गाजर, मटार, सिमला मिरची. भाजी कोरडी परतून पार थंड झालेली हवी, नाहीतर तळ भिजतो. मधला भाग काट्याने टोचायचा, बोटभर कडा मोकळी सोडायची, म्हणजे कडाच तेवढी फुगते. दोनशे डिग्रीवर २५-३० मिनिटे. वरचा रंग पाहून फसू नये; उलथन्याने उचलून तळ पाहावा, असे मिस्टर बजावतात.

परवा शेजारच्या वहिनींनी वाढदिवसासाठी बारा मागितले. हिशेब ऐकून म्हणाल्या, "घरचंच तर आहे, मजुरी कसली लावता?" मी काही बोलण्याआधी मिस्टर आतून बाहेर आले. "वहिनी, मैदा दुकानात मिळतो. घड्या घालायला तीन तास लागतात."

वहिनींनी बाराऐवजी आठच नेले. पण मजुरीसकट.