तटस्थांचा पट

बुद्धिबळात एक बरे असते. मोहरा पांढरा असतो किंवा काळा. बघ्याला पटावर जागाच नाही. पण गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातील एका मित्राने मुंबईहून एक खेळ आणला आणि त्या पटावर प्रथमच मला बघ्यांचे देश भेटले. ‘ॲक्सिस अँड अलाइज’ हे त्या खेळाचे नाव. लॅरी हॅरिस या अमेरिकन गृहस्थाने तो रचला. पटावर दुसऱ्या महायुद्धातील जगाचा नकाशा, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक राष्ट्र, फौजा प्लॅस्टिकच्या आणि निकाल फाशांवर. या नकाशात जे देश कोणाच्याच बाजूचे नाहीत, ते तटस्थ.

१९८४ च्या आवृत्तीत तटस्थ देशात शिरण्याचा दर ठरलेला होता. पेढीत तीन भरा आणि सैन्य आत घाला! लढाईचे नाव नाही. आमच्या बाजारात कोंबड्यासाठीसुद्धा याहून अधिक घासाघीस होते. पुढे १९४० सालापासून सुरू होणाऱ्या मोठ्या आवृत्तीत नियम शहाणे झाले. तेथे तटस्थांजवळ स्वतःचे पायदळ असते आणि अस्सल तटस्थांपैकी एकावर जरी कोणी हात टाकला, तरी उरलेले सारे त्याच्या शत्रूकडे झुकतात.

यावरून आमच्या खोलीत रात्र रात्र वाद झाले. एक पक्ष म्हणे, तुर्कस्तान घ्या. रशियाच्या दक्षिणेची आणि तेलाच्या मुलखाची वाट मोकळी होईल. दुसरा म्हणे, तुर्कस्तान घ्याल, पण स्पेन आणि स्वीडनच्या फौजा शत्रूला फुकट द्याल, त्याचे काय? अखेर सर्वांना पटले ते इतकेच, की तटस्थाला शिवायचे तर अगदी शेवटच्या डावात, जेव्हा इतरांच्या रागाला वेळच उरत नाही. १९१४ साली जर्मनीने बेल्जियम तुडवला तो पहिल्याच डावात, आणि इंग्लंड युद्धात उतरले.

या वादातून मला एक गोष्ट उमगली. तटस्थ देश लहान असतो म्हणून जात नाही. तो वाटेवर असतो म्हणून जातो.

हे कळायला मला बेल्जियमपर्यंत जावे लागत नाही. माझे गाव वावर, पूर्वीच्या जव्हार संस्थानातले. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेला जाताना जव्हारचा राजा विक्रमशहा मुकणे याने त्यांचे स्वागत केले, शिरपेच अर्पण केला आणि म्हणून त्या जागेला शिरपामाळ नाव पडले, ही कथा आमचा आजा रंगवून सांगतो. कथेचा पुढचा भाग आज्याला ठाऊक नाही. तो मला ग्रंथालयात सापडला. १६७२ च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी त्याच विक्रमशहाचे जव्हार जिंकले. पाठोपाठ रामनगरही घेतले. महाराजांच्या बाजूने पाहिले तर हा डाव बिनतोड होता. मोगलांच्या सुरतेची वाट आपल्या हाती हवी, तर मधले राज्य दुसऱ्याच्या मर्जीवर कसे सोडायचे? पण विक्रमशहाच्या बाजूने पाहिले, तर आठ वर्षांपूर्वीचा शिरपेच कामी आला नाही.

दुसरे उदाहरण गोव्याचे. महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. मुरगाव बंदरात आश्रयाला आलेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना बातम्या जात, असा इंग्रजांचा संशय होता. उघड सैन्य धाडावे तर पोर्तुगाल दुखावणार. तेव्हा मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या एका हौशी स्वयंसेवक दलातली उतारवयाची गोरी मंडळी गुपचूप पाठवली गेली आणि ते जहाज बंदरातच बुडाले. त्याच वर्षी पोर्तुगालने अझोर्स बेटांवरचे तळ इंग्रजांना वापरू दिले. उघड चढाई केली असती, तर ते मिळाले असते काय?

इंग्रजांना पोर्तुगालची भीड बाळगावी लागली, कारण पोर्तुगालजवळ देण्यासारखे काही होते. ज्याच्याजवळ फक्त वाट आहे, त्याची भीड कोण धरणार? पटावरचे तटस्थ देश रंगाविना छापलेले असतात. तेथे काय पिकते, कोण राहते, याची नोंद नसते. वावर-वांगणी हे नावसुद्धा महाराष्ट्राने वाचले ते १९९२ साली, कुपोषणाने बालके दगावली तेव्हा. तोवर आम्हीही नकाशावर बिनरंगाचेच होतो. पण तेव्हाही येथे माणसे होती. नाचणी आणि वरई पिकवत होती.

तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पुराशी त्याचे भांडण नसते, पण पूर आला की आधी तटच खचतो. म्हणून तटावरच्या माणसाला नदीचा अभ्यास करावा लागतो. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. इतिहास हा विषय मी का घेतला, असे कोणी विचारले, तर आता माझ्याजवळ हे उत्तर आहे.

(द्वितीय वर्ष, कला)