रतनवाडीला जाताय तर

चि. बाळ्यास,


पाऊस उघडला की मित्रांबरोबर रतनगड करायचा म्हणतोस, बरं वाटलं. गडावरचं नेढं, लोखंडी शिड्या हे सगळं तू मोबाइलवर पाहिलंच असशील. मी पायथ्याच्या गावाविषयी लिहितो.

रतनवाडी भंडारदरा धरणाच्या फुगवट्याच्या टोकाला आहे. प्रवरा रतनगडावर उगम पावते, अमृतेश्वराच्या देवळाजवळून वाहते आणि जलाशयात शिरते. पलीकडे शेंडीला इंग्रजांनी १९१० ते १९२६ या काळात भिंत घातली. अडवलेलं पाणी कालव्यांनी श्रीरामपूरकडच्या उसाला जातं. इथला भात मात्र पावसाच्याच भरवशावर, वर्षातून एकदा. उतारावर नाचणी, वरई. शेजारच्या घाटघरला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण हा काळा कातळ पाणी धरत नाही. म्हणून उन्हाळ्यात या भागातल्या बायका हंडे घेऊन चढ चढताना दिसतात, तेही धरणाच्या काठी! तुमच्यात कोणी श्रीरामपूरचा असेल तर त्याला हे जरूर सांग.

भाताचं पीक एकदाच, त्यामुळे शनिवार-रविवारचे ट्रेकर हे इथलं दुसरं पीकच. ‘पर्यटनानं गाव बिघडलं’ म्हणून हळहळणारे बहुतेक पुण्या-मुंबईत राहतात, असं माझं निरीक्षण आहे. घरगुती जेवण, वाटाड्या, तंबू यांतून चार पैसे हाती येतात. पूर्वी हिरडा गोळा करून विकण्यावर बरीच भिस्त असे. म्हणून भाकरी-पिठल्याच्या पैशांत घासाघीस करू नकोस.

माझा राग आहे तो काजवे पाहायला येणाऱ्या गर्दीवर. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर हिरडा, बेहडा, उंबर लुकलुकू लागतात. नर मादीला खूण करण्यासाठी चमकतो आणि आपण त्यावर गाडीचे दिवे मारतो. मग पाहायचं काय, एकमेकांची तोंडं? तेव्हा पुढच्या वर्षी त्या दिवसांत जायचं टाळलंस तरी चालेल.

जेवायला किती जण ते आदल्या दिवशीच कळव. दुकान गाठायचं तर गावकऱ्यांना लांब जावं लागतं. प्लॅस्टिक परत आण. आणि गडाच्या त्र्यंबक दरवाज्यानं साम्रद गावाला उतरायची हौस असेल तर गाडी रतनवाडीतच राहील, याचा विचार शिडी चढण्याआधी करा.

तुझा,
मामा