तोलाचे वाटेकरी

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर येणाऱ्या बहुतेकांच्या घरी जोतिबा असतोच. देव्हाऱ्यात त्याचा टाक असतो, नाहीतर भिंतीवर तसबीर असते, आणि सकाळची गंधफुले त्याला चुकत नाहीत. आता तर गाभाऱ्यातली पूजा मोबाइलच्या पडद्यावर घरबसल्या दिसते. तरीही सातारा-सांगलीकडून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून माणसे वाडी रत्नागिरीची चढण चढतात, चैत्राच्या उन्हात रांग धरतात आणि गुलालाने माखून परत जातात. देवासमोर मिळतो तो क्षणभर, तोही मागच्याच्या धक्क्यासकट. घरच्या टाकापुढे तासभर निवांत बसता आले असते. हिशेब मांडला तर व्यवहार तोट्याचाच. असाच तोट्याचा व्यवहार करणारा दुसरा माणूस म्हणजे एखाद्या गायकाला वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रिकांवर ऐकून अखेर एकदाचा त्याच्या मैफलीला निघालेला रसिक. त्याच्याकडे त्या गायकाचे उत्तमातले उत्तम गाणे आहे, हवे तेव्हा लावता येते, मध्ये कोणी खोकत नाही. मग तो जातो कशासाठी? ‘प्रत्यक्ष दर्शनासाठी’ हे ठरलेले उत्तर मला अपुरे वाटते. आवडत्या माणसाला डोळ्यांनी पाहिल्याचे समाधान खरे असले तरी ते पाच मिनिटांत संपते. गाणे तीन तास चालते. उरलेल्या वेळात तो तिथे काय करत असतो, याचे उत्तर हा डोंगर जास्त नेमके देतो.

यात्रेचा मुख्य दिवस सासनकाठ्यांचा. रंगीत कापडाने मढवलेला तो उंचच उंच बांबू एकट्यादुकट्याच्या अंगावर उभा राहत नाही. तळाशी उचलणारे वेगळे, चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरणारे वेगळे, आणि समोर हलगी, घुमके, कैताळ. हलगीवाला कातडे विस्तवावर शेकून घेतो. आवाज जरा उतरला की पुन्हा शेकतो. काठी नाचवणाऱ्याच्या पायांवर त्याची नजर असते आणि नाचवणाऱ्याचे कान हलगीवर. लय कोणी कोणाला दिली हे सांगता येऊ नये, इतकी ती दोघांत वाटलेली असते. काठी कलली की दोरीवाल्याच्या हाताला ते आधी कळते. गर्दीतून ‘चांगभलं’चा गजर उठला की वादनाला चढ येतो आणि तो ओसरला की हलगीही श्वास घेते. याचे कितीही चांगले चित्रीकरण केले तरी पडद्यावरची काठी पडण्याची शक्यता शून्य असते; ती उभी राहिली हे आधीच ठरून गेलेले असते. डोंगरावरची काठी मात्र त्या क्षणी पडू शकते, म्हणून तिचे उभे राहणे ही घटना ठरते. माझे म्हणणे एवढेच आहे की मैफलीतले गाणे या काठीसारखे असते आणि श्रोता हा दोरी धरणाऱ्यांपैकी एक असतो. ध्वनिमुद्रण आपल्याला पूर्ण झालेले गाणे देते. मैफल अजून न झालेले गाणे आपल्यापुढे ठेवते, आणि ते होण्या-न होण्यात आपला वाटा मागते.

हे म्हणणे तपासायला कोल्हापूरइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. डोंगरापासून जवळच असलेल्या या शहरात राजर्षी शाहूंच्या आश्रयाने अल्लादिया खाँ राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथून महाराष्ट्रभर पसरली. खाँसाहेब वारले 1946 मध्ये. तोवर देशात ध्वनिमुद्रणाला चार दशकांहून जास्त काळ लोटला होता, तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्याकडे नाही. म्हणजे ज्या गवयाने केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर घडवल्या, ज्याच्या मुलांकडून, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडून, मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, त्याचे गाणे केवळ समोर बसलेल्यांच्या कानांतून पुढे आले. केसरबाईंची गोष्ट याच्या नेमकी उलट टोकाला जाते. ध्वनिमुद्रणाविषयी त्या फारशा उत्सुक नव्हत्या, पण त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून सूर्यमालेबाहेर निघाली. दुसरे यान सुटले 5 सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. तिच्यात आवाजाची धार आहे, स्वराची तयारी आहे, पण त्या गायकीचा जीव असलेला विस्तार त्यात मावणे शक्य नव्हते: लयीच्या अंगाने एकेक आवर्तन भरत जाणे, समेवर येताना ऐकणाऱ्याला धाकात ठेवणे. विस्तार हा नुसता लांबीचा प्रश्न नाही. गवयाने एक आवर्तन मांडल्यावर समोरची मान कशी हलते, कुठे कोणाचा श्वास अडकतो, यावर पुढचे आवर्तन ठरते. तबकडीच्या मेणाला मान नसते.

याचा अर्थ ध्वनिमुद्रण हा मैफलीचा वैरी असा काढला तर ते कृतघ्नपणाचे होईल. भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. तबकडीने त्या मुलाची तहान भागली असती तर तो घरीच राहिला असता. तिने तहान लावली. उलट उदाहरण कुमार गंधर्वांचे सांगता येईल. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गात असे आणि सभा थक्क होत. ध्वनिमुद्रणातून सगळे मिळते, याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण पुढची गोष्ट या पुराव्याला वेगळी दिशा देते. तो मुलगा मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकायला बसला, आणि आज आपण ज्या कुमारांना मानतो ते नकलेला मागे टाकून पुढे गेलेले कुमार आहेत. तबकडीवरून गाण्याचा निकाल शिकता येतो, निर्णय शिकता येत नाहीत. ही जागा घेतली तेव्हा कोणत्या चार जागा सोडल्या, हे तबकडी सांगत नाही. मैफलीत बसलेल्याला त्या सोडलेल्या जागांची चाहूल लागते, कारण गवई तिथे एका वळणापाशी थबकतो, एका स्वराकडे बघून परत फिरतो.

या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप व्यवहारी आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. ‘अखेर’ ऐकायला मिळणे म्हणजे बहुधा उशिरा ऐकायला मिळणे. तोवर गवई थकलेला असतो, दम तुटतो, वरचा षड्ज पूर्वीसारखा लागत नाही. शिवाय मांडव मोठा, ध्वनिक्षेपक कर्कश आणि आपली जागा खांबामागे. चाळीस वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणाशी तुलना केली तर हाती निराशाच येणार. आवाजापुरते हे खरे आहे. पण गाणे म्हणजे आवाजच नव्हे, हे मल्लिकार्जुन मन्सूर यांनी दाखवून दिले आहे. त्यांचा खरा बोलबाला झाला तो पन्नाशी-साठीनंतर, आणि ज्या मैफली लोक अजून आठवतात त्यांतल्या कितीतरी म्हातारपणाच्या आहेत. उतरत्या वयात गवई ताकदीच्या जागी निवड आणतो. हा बदल ऐकायचा तर जुन्या मुद्रणाची मोजपट्टी घरी ठेवून यावे लागते. ते ज्याला जमत नाही त्याने निराशेचे खापर गवयाच्या वयावर फोडू नये. त्याचा अर्धा भार स्वतःच्या कानांवर घ्यावा.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. समोर बसून ऐकण्याचे एवढे गोडवे गायचे, पण समोर बसायला मिळत होते कोणाला? दरबारात, सरदारांच्या वाड्यांत, पेढीवाल्यांच्या दिवाणखान्यांत. ज्यांना त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हते त्यांच्या घरी गाणे पोचवले ते तबकडीने, रेडिओने आणि नंतर कॅसेटने. हे पूर्णपणे मान्य करायला हवे. पण त्यातून निघतो तो इतकाच निष्कर्ष की उंबरा वाईट होता. समोर बसणे वाईट होते असे त्यातून निघत नाही. कोल्हापुरात 1883 साली सुरू झालेल्या देवल क्लबने आणि पुण्यात 1953 पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाने हा उंबरा बराच खाली आणला. यात्रेतल्या हलगीपुढे तर तो कधी नव्हताच. तिथे तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही, आणि दोरी धरायला घराणे लागत नाही.

तिसरा आक्षेप असा की हा श्रोत्याचा वाटा वगैरे ख्यालाच्या मैफलीपुरता ठीक. सिनेमाच्या गाण्यात तर श्रोत्याला मुद्रिकेवर आहे तसेच हवे असते. लता मंगेशकर 1974 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या तेव्हा समोरच्यांना त्यांची गाणी तोंडपाठ होती. नवे असे काय घडणार होते? तरी त्या कार्यक्रमाच्या ज्या तबकड्या निघाल्या त्यांत टाळ्यांचा गजर जसाच्या तसा ठेवला आहे. गाणी स्टुडिओतली, स्वच्छ, आधीच बाजारात असताना गजरासकटची तबकडी लोकांनी विकत घेतली, याचा अर्थ त्यांना गाण्याइतकाच तो गजर हवा होता. परदेशात एकेकट्या घरात जपलेला आवाज आपल्या शेजाऱ्यानेही तसाच जपला होता, हे त्या सभागृहात उघड झाले. आणि हा वाटा काढून घेतला तर काय उरते, हे सगळ्यांनी कोरोनाच्या साथीत, 2020 आणि 2021 मध्ये पाहिले. त्या दोन्ही वर्षी जोतिबाचे विधी मोजक्या माणसांत झाले, पण यात्रा भरली नाही. गवई घरातून, रिकाम्या खोलीतून, कॅमेऱ्याकडे बघून गायले. सूर तेच, बंदिशी त्याच. समेवर आल्यावर मात्र दाद द्यायला कोणी नव्हते. 2022 मध्ये डोंगर पुन्हा माणसांनी भरला. विधी न चुकता झाले होते, तर लोकांचे काय राहून गेले होते? त्यांचा वाटा राहून गेला होता.

हे सगळे मान्य केले तर वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या श्रोत्याची जबाबदारी इतरांहून जड ठरते. नवख्या श्रोत्याच्या मनात काहीच नसते, त्यामुळे तो मोकळा असतो. जुन्या श्रोत्याच्या मनात एक पूर्ण झालेली मैफल आधीपासून वाजत असते, आणि समोरच्या गवयाने ती पुन्हा वाजवून दाखवावी अशी त्याची गुप्त अपेक्षा असते. मध्यंतरानंतर जी फर्माईश उठते ती बहुतेक वेळा या अपेक्षेतून: तुमचे ते प्रसिद्ध भजन, तो अमुक राग, ती तबकडीवरची ठुमरी. किशोरी आमोणकर श्रोत्यांच्या बाबतीत कडक होत्या, याचे किस्से महाराष्ट्र चवीने सांगतो आणि बहुधा त्यांच्या स्वभावावर ढकलतो. त्या कडकपणात एक रास्त मागणी होती असे मला वाटते: मी आज जिथे चालले आहे तिथे या, कालच्या जागी मला ओढू नका. फर्माईश करणे गुन्हा नाही; पुष्कळदा गवयालाही ती आवडते. पण जो वीस वर्षे ऐकत आला आहे त्याला निदान हे कळायला हवे की फर्माईशीने तो गवयाकडून आपल्याच घरातली वस्तू मागून घेतो आहे. ती तर त्याच्याकडे आहेच. तिकीट काढून, गर्दी सोसून इथवर आल्यावर मागावे ते घरी नसलेले: गवयाने आज उचललेला अनोळखी राग, त्यातली चुकण्याची शक्यता, आणि तो चुकला तरी मान वळवून न घेण्याची आपली तयारी. इतक्या वर्षांच्या ऐकण्याने आपल्याला हक्क मिळत नाही, पात्रता मिळते, आणि ती वापरायची जागा मैफलच आहे.